ओरखडा

गाडीच्या चाकाला ओरखडा पडला, यात लेख लिहिण्यासारखे काय आहे, असे तुम्हाला वाटेल. मलाही आधी तसेच वाटले होते.

आमच्या चिरंजीवांना नुकतेच लायसन मिळाले. एका शुक्रवारी सकाळी गाडी पुसताना पाहतो तो काय, पुढच्या उजव्या चाकाच्या क्रोमच्या रिमवर बोटभर चरा आणि त्यात तांबूस गंज! नेमकी तीच बाजू भिंतीकडे लावलेली.

"कधी लागलं हे?"

"मंगळवारी. फूटपाथला घासली. तुम्ही चिडाल म्हणून बोललो नाही, बाबा."

आणि मी चिडलोच. पेट्रोल, हप्ते, शिस्त, 'आमच्या वेळी', सगळे निघाले. शेवटी हिने "पोहे गार होतायत" म्हणून त्याची सुटका केली.

मी अमेरिकेत धातुशास्त्रात एम.एस. केले, तेव्हा उपाय मलाच करायचा होता. रिमवरचा क्रोमचा थर जेमतेम अर्धा मायक्रॉन असतो. आपला केस साधारण ७० मायक्रॉन जाड! खरे राखण करते ते त्याखालचे निकेल. म्हणून चऱ्यावरून आधी नख फिरवून पाहावे. नख अडकले नाही, तर साबणाच्या पाण्याने धुऊन, मऊ फडक्याने क्रोम पॉलिश लावले की भागते. पॉलिशपेपर मात्र कधीही लावू नये, उरलासुरला क्रोमही जातो.

आमचे नख अडकले. चरा निकेल कापून स्टीलपर्यंत गेला होता. बहारीनची खारी, दमट हवा अशा उघड्या स्टीलला तीन दिवसही पुरे. मंगळवारीच पुसून मेण लावले असते, तर इतका गंज चढला नसता.

दुपारी बापलेक खाली बसलो. स्वयंपाकघरातली अ‍ॅल्युमिनियम फॉइल चुरगळून, पाण्यात बुडवून हलक्या हाताने घासली. फॉइल क्रोमपेक्षा मऊ, त्यामुळे गंज निघतो आणि क्रोमला धक्का लागत नाही. मग कोरडे करून मेण लावले. गंज गेला, चरा राहिला. तो भरायचा तर जुना थर उतरवून, धातू घासून, पुन्हा निकेल आणि क्रोम चढवावे लागते. हे विषारी रसायनांचे काम, घरी करायचे नव्हे. त्याला कल्हईवाल्याचे सांगितले: तोही आधी पातेले पार पितळेपर्यंत घासून घ्यायचा, मगच कथील धरायचे.

सलमाबादच्या गॅरेजवाल्याने "नवीन रिम घ्या साहेब, तेच स्वस्त" असा सल्ला दिला. आम्ही घेतली नाही.

गेल्या महिन्यात बंपरला पोचा आला. या वेळी त्याने रस्त्यातूनच फोन केला. मी आधी विचारले, "तुला लागलं नाही ना?"

पहिल्या वेळी हे विचारायचे राहून गेले होते.