सायकलवरून बालाघाटची कड

सोलापूरच्या माणसाला आपला मुलूख सपाट आहे असेच वाटत असते. एस.टी.त बसून तुळजापूरला निघाले की घाट केव्हा लागला आणि केव्हा संपला, हे डुलकीत कळतही नाही. सायकलचे तसे नाही. जमीन थोडी जरी चढू लागली तरी ते आधी पोटऱ्यांना कळते, डोळ्यांना मागाहून. आणि सायकलला जो चढ, तोच पाण्याला उतार. आमच्या कृषी खात्यातल्या माणसाने आपला भाग एकदा तरी सायकलवरून पाहावा असे मला वाटते, ते एवढ्यासाठीच.

पावसाळा सरता सरता, ज्वारीच्या पेरणीची धांदल सुरू होण्याआधी, आम्ही दोघे निघालो. बरोबर एक निवृत्त गुरुजी होते. सायकली साध्या, बिनगिअरच्या. कॅरियरला पिशवी, पंप आणि पंक्चरचे सामान. सोलापूर, नळदुर्ग, तुळजापूर, धाराशिव, येडशी, रामलिंग, बार्शी, वैराग, नान्नज आणि परत सोलापूर असा तीन दिवसांचा फेरा ठरवला. सगळे मिळून सव्वादोनशे किलोमीटरच्या आसपास भरते.

पहिल्या दिवशी हैदराबाद रस्त्याने बोरामणी, इटकळ करीत अणदूर गाठले. अणदूरचा खंडोबा मोठा न्यारा. देव एक आणि गावे दोन. वर्षातला काही काळ तो नळदुर्गजवळच्या मैलारपुरात राहतो, बाकीचा अणदुरात, आणि त्यासाठी दोन्ही गावांत रीतसर करार होतो. पाण्याच्या पाळ्यांवरून भांडणाऱ्यांनी एकदा तो सोहळा पाहून यावे.

नळदुर्गच्या किल्ल्यात बोरी नदीवर आडवा बांध घातलेला आहे. त्याच्या पोटातल्या खोल्यांना पाणीमहाल म्हणतात. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळात, 1613 साली हे काम झाले. नदी भरून आली की बांधावरच्या दोन सांडव्यांतून पाणी खाली कोसळते. त्यांची नावे नर आणि मादी. लोक ते बघायला येतात, फोटो काढतात आणि जातात. मला मात्र बांधाच्या जागेचे कौतुक वाटले. नदी जिथे काळ्या पाषाणात शिरून अरुंद होते, नेमकी तीच जागा बांधणाऱ्याने निवडली. चारशे वर्षे झाली, बांध उभा आहे.

नळदुर्गाहून तुळजापूरपर्यंत रस्ता टप्प्याटप्प्याने वर चढतो. सोलापूरकडून घाटाने येणाऱ्याला हा चढ एकदम लागतो, एवढाच फरक. कोजागरीला सोलापुराहून हजारो माणसे चालत येतात, तेव्हा त्या रस्त्यावरची वाहने बंद ठेवतात. आम्ही त्याआधीच गेलो, म्हणून दर्शन निवांत झाले. तुळजाभवानीच्या देवळात पायऱ्या चढून नव्हे, उतरून जावे लागते, हे सर्वांना ठाऊक आहे. देऊळ पठाराच्या अगदी कडेला, उतारात बसले आहे. आत कल्लोळ तीर्थ आणि गोमुख तीर्थ आहे. कडेला पाणी का सापडते ते सांगतो. आपला बालाघाट म्हणजे लाव्हारसाचे थर एकावर एक रचलेली उतरंड. एक थर कठीण, त्याखालचा मऊ, सच्छिद्र. वर मुरलेले पाणी कठीण थराला अडले की आडवे सरकते आणि जिथे डोंगर तुटतो तिथे झरा होऊन बाहेर पडते. बालाघाटात अनेक जुनी देवस्थाने अशा कडेला, पाण्याच्या जागीच वसली आहेत.

दुसरा दिवस पठारावरचा. तुळजापूर ते धाराशिव ते येडशी हा रस्ता चारपदरी झाला आहे. कडेची पट्टी धरून चालवले तर सायकलला त्रास नाही, पण कंटेनर शेजारून गेला की वाऱ्याने हँडल हलते. दोन्ही बाजूंना सोयाबीन पिवळे पडत चालले होते. बांधावर उस्मानाबादी शेळ्या चरत होत्या. जिल्ह्याचे नाव बदलले तरी शेळीचे नाव तेच राहिले आहे. एका वस्तीपाशी पाणी प्यायला थांबलो. घरधन्याने आधी आम्हाला आणि मग सायकलींना न्याहाळले.

"कुठनं आलाव म्हणायचं?"

"सोलापुराहून."

"सायकलीवर? गाडी बंद पडली का काय?"

मग चहा आला आणि बोलणे पाण्यावर गेले. त्या पाहुण्याने एका रानात तीन बोअर घेतले होते. तिसऱ्याला साडेपाचशे फुटांवर नुसता फुफाटा निघाला. रान पाहिले. वीतभर माती आणि खाली मुरूम. पट्टे उताराच्या दिशेने उभे पडलेले, आणि पेरणीही उभी. उताराला आडवी पेरणी करा, हे आम्ही प्रत्येक सभेत सांगतो. पण पट्टा चार वावच रुंद असेल तर ट्रॅक्टरने वळावे कुठे? आणि पट्टे उभे का पडतात, तर वाटणी करताना वरचा मुरूम आणि खालची काळी प्रत्येक भावाच्या वाट्याला थोडीथोडी यावी म्हणून. म्हणजे ज्या वाटणीने भावांना न्याय मिळाला, तिनेच मातीला वाट करून दिली. शेतकरी ऐकत नाही असे म्हणणे सोपे असते. त्याच शिवारात पलीकडे तीन भावांनी बांधाच्या खुणा कायम ठेवून तिघांचे रान एकत्र, आडवे पेरले होते आणि राशी मात्र आपापल्या करणार होते. त्या रानाखालची चारी कोरडी होती. शेजारच्या उभ्या पेरणीखालच्या चारीत गाळ बसला होता. दोन्ही रानांवर पाऊस एकच पडलेला.

येडशी हे पठाराच्या काठावरचे गाव. इथून पूर्वेकडे वाहणारे पाणी तेरणेत जाते, तेरणेतून मांजरेत आणि पुढे गोदावरीत. पश्चिमेला उतरणारे सीनेला, भीमेला आणि शेवटी कृष्णेला मिळते. रस्त्यापासून आत वळले की जमीन एकदम फाटते आणि खाली घळीत रामलिंगचे देऊळ दिसते. पायऱ्यांनी खाली उतरायचे. ओढा देवळाला वळसा घालून जातो आणि पावसाळ्यात मागच्या कड्यावरून धबधबा पडतो. रावणाशी लढून घायाळ झालेला जटायू इथेच पडला अशी श्रद्धा आहे. त्याची समाधीही दाखवतात. भोवतालच्या जंगलाला 1997 साली अभयारण्य म्हणून संरक्षण मिळाले. क्षेत्र सुमारे 22 चौरस किलोमीटर. माकडे फार. गुरुजींचा केळ्यांचा घड पिशवीसकट गेला.

धबधबा जोरात होता. पण पाणी पांढरे नव्हते, चहासारखे होते. अभयारण्यात झाडी आहे, गवत आहे. ती माती तिथली नव्हे. वरच्या रानांची होती.

इथे मला 2016 सालचा एप्रिल आठवला. लातूरला प्यायला पाणी उरले नव्हते, तेव्हा मिरजेहून रेल्वेने पाणी आणले. पहिल्या गाडीला दहा टाक्या आणि त्यांत पाच लाख लिटर. पंढरपूर, कुर्डुवाडी, बार्शी करीत ती गाडी हीच कड चढून वर गेली. आता हिशेब करा. एक एकर रानावर एक इंच पाऊस पडला तर लाखभर लिटर पाणी होते. म्हणजे ती पहिली गाडी पाच एकरांवरच्या एक इंच पावसाएवढी. पुढे पन्नास टाक्यांच्या गाड्या आल्या, त्या पंचवीस एकरांएवढ्या. येडशीच्या वर पंचवीस एकरांचे एकच रान नाही, शेकडो आहेत. सगळे पाणी अडवता येते असे मी म्हणत नाही, आणि खालच्या गावांचाही त्यावर हक्क आहे. पण माती घेऊन पळणारे पाणी खालच्यांच्याही कामाचे नसते. त्यांचे तलाव गाळाने भरतात.

दक्षिण फ्रान्समध्ये कोस नावाची अशीच उघडी पठारे आहेत. तार्न नदीने ती चारपाचशे मीटर खोल कापली आहेत. तिथला खडक चुनखडीचा. पाऊस पडला की पाणी थेट खडकात जिरते आणि वर थेंब राहत नाही. म्हणून मेंढपाळांनी पठारावर दगडी फरसबंदीची गोल तळी बांधली आणि मेंढ्या जगवल्या. त्या मेंढ्यांच्या दुधाचे रोकफोर नावाचे चीज जगभर जाते. पठार आणि तिथली मेंढपाळी यांना 2011 साली जागतिक वारशाचा मान मिळाला. देशोदेशीचे सायकलस्वार तिथल्या दऱ्यांतून हिंडतात आणि शेतकऱ्यांच्या घरी पैसे देऊन मुक्काम करतात. आपला खडक त्याच्या उलट. पाणी जिरायला वेळ लागतो, तेवढा वेळ त्याला थांबवावे लागते.

येडशीहून बार्शीपर्यंत उतार. पायडल मारायचे काम थोडे. इथून पूर्वी बार्शी लाइटची छोटी गाडी धावायची. 1897 साली ती बार्शीला आली आणि 1911 पर्यंत लातूरला पोचली. आता तिथे रुंद रूळ आहेत. बार्शीला भगवंताच्या देवळाजवळ मुक्काम केला.

तिसऱ्या दिवशी वैरागपासून जमीन काळी होत गेली. काही ठिकाणी पुरुषभर खोल. ही वरून आलेलीच माती, हजारो वर्षांची. रब्बीसाठी राखलेल्या रानांत काहींनी वाफे पाडून पाऊस जिरवला होता. त्यांच्या ढेकळांत अजून ओल होती आणि पाभर निघायची तयारी दिसत होती. आपली मालदांडी ज्वारी मोहोळची, याच जिल्ह्यातली. ती रात्रीच्या थंडीवर आणि खालच्या ओलीवर येते, वरून पाणी मागत नाही. नान्नजला द्राक्षबागा लागल्या. सोनाका द्राक्ष इथलेच, नानासाहेब काळे यांनी निवडलेले. पलीकडे माळढोकासाठी राखलेला माळ. माळढोक काही दिसला नाही. समोरून वारा होता, त्यामुळे शेवटच्या वीस किलोमीटरना दोन तास लागले.

कुणाला जायचे असेल तर सप्टेंबरच्या शेवटचा पंधरवडा बरा. श्रावणी सोमवारी रामलिंगला गर्दी असते. तो दिवस टाळावा. धाराशिवपुढे सायकलचे दुकान लवकर सापडत नाही, म्हणून एक ट्यूब जास्तीची घ्यावी. केळी मात्र पिशवीत ठेवू नयेत.