विदर्भाच्या लेकीचा रुसवा

नवऱ्याचं मन दुसरीकडे रमलं की बाई गाणं म्हणते. ते गाणं नवऱ्याला मात्र क्वचितच म्हटलेलं असतं.

अमेरिकन गायिका डॉली पार्टनचं ‘जोलीन’ 1973 सालचं. बँकेतली तांबड्या केसांची एक कर्मचारी डॉलीच्या नवऱ्याशी जरा जास्तच गोड बोलायची, त्यावरून सुचलेलं. त्यात बायको हात जोडते ते त्या दुसरीला. नवऱ्याला जाब कुणी विचारत नाही. आमच्या नागपूरच्या धरमपेठेतल्या कॉफीवाल्या पोरापोरींना ते गाणं अमेरिकेचं वाटतं. मला ते कौंडण्यपूरचं वाटतं.

कौंडण्यपूर म्हणजे अमरावती जिल्ह्यातलं वर्धेकाठचं गाव, रुक्मिणीचं माहेर. आमची ही लेक द्वारकेला नांदायला गेली आणि एके दिवशी कृष्णाच्या मांडीवर राधा बसलेली पाहून जी तरातरा निघाली, ती थेट पंढरपूरजवळच्या दिंडीरवनात. समजूत काढायला देव मागोमाग आला आणि पुंडलिकाच्या विटेवर उभा राहिला. त्याला अठ्ठावीस युगं झाली म्हणतात. पंढरपुरात आजही तिचा गाभारा वेगळा, त्याचा वेगळा. दर आषाढीला माहेरची पालखी चालत तिच्याकडे जाते. इतका लांबलेला संसार आणि इतका लांबलेला रुसवा दुसरा कुठे नसेल.

जात्यावरच्या बायांनी हा धागा सोडला नाही. संशोधक हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी खेडोपाडी हिंडून एक लाखावर ओव्या जमवल्या. त्यांत विठ्ठल जनाबाईच्या जात्याला हात लावतो आणि इकडे रुक्मिणीचा जळफळाट होतो. घरच्याचं नाव घ्यायची चोरी. देवाचं घ्यायला कोण अडवणार?

आमच्याकडे स्वयंपाकाला येणाऱ्या मावशी भंडाऱ्याकडच्या, लहानपणी आईसोबत जात्यावर बसलेल्या. त्यांना विचारलं, ओव्यांत सगळा राग सवतीवर, नाहीतर रुक्मिणीच्या तोंडून. खुद्द नवऱ्याला काहीच कसं नाही? कणकेवर तेलाचा हात फिरवत त्या म्हणाल्या, “नवऱ्याले काय म्हणू ताई? त्याले त रोज जेवाले वाढा लागते.”

लावणीतली बाई थेट त्यालाच ‘राया’ म्हणून सुनावते, ते उगीच नाही. तिला सकाळी त्याचं ताट वाढायचं नसतं!

कायद्यानंही घरच्या बाईला बाजूलाच ठेवलं होतं. 1860 च्या दंड संहितेतलं कलम 497 व्यभिचाराला गुन्हा म्हणायचं, पण फिर्यादीचा हक्क त्या दुसरीच्या नवऱ्याला. फसवल्या गेलेल्या बायकोला नाही. सर्वोच्च न्यायालयानं ते 27 सप्टेंबर 2018 रोजी रद्द केलं. हिंदू विवाह कायद्यातली घटस्फोटाची वाट 1955 पासून होती, पण पदरी चार लेकरं असताना त्या वाटेला किती जणी गेल्या असतील?

आता धरमपेठेत जातं दिसलंच तर बाल्कनीत, खुंटा गेलेलं, वर कुंडी ठेवलेलं. दळण चक्कीवर टाकून बाई गोकुळपेठच्या बाजारात भाजी घ्यायला जाते. चक्कीच्या घरघरीत कोण गाणार? जात्याचे कष्ट गेले ते बरंच झालं, त्याबद्दल गळा काढण्यात अर्थ नाही. ओव्या मात्र अजून काही जणींना पाठ आहेत.

तुमच्या घरात अशी एखादी आजी असेल तर फोन काढा आणि रेकॉर्ड करा. रामसीतेच्या ओव्या ती आपणहून म्हणेल. सवतीच्या आणि रुक्मिणीच्या मागून घ्या, आणि आजोबा फुटाळा तलावावर फिरायला गेले असतील तेव्हाच मागा.