घोटीच्या वाटेवरील सहा महिने

कसारा घाट चढून इगतपुरी मागे टाकली, की मुंबई-आग्रा महामार्गावर थोड्याच अंतरावर घोटी लागते. वाचकहो, आपण आषाढात आलात तर भातखाचरांत आवणी चाललेली दिसेल. दिवाळीनंतर आलात तर भातगिरण्यांची घरघर ऐकू येईल. ढग सरले, तर १६४६ मीटर उंचीचे कळसूबाई शिखरही दृष्टीस पडते. भंडारदऱ्याकडे आणि सिन्नरकडे जाणारे रस्ते येथूनच फुटतात. त्यामुळे बाजारासाठी आणि दवाखान्यासाठीही वाड्यापाड्यांवरची माणसे घोटीची वाट धरतात. जवळच धामणगावला एसएमबीटी वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय आहे.

अशा वाटांनी क्षयरोगाचे रुग्णही येत असतात. औषधांना दाद देणाऱ्या क्षयरोगाचा नेहमीचा उपचार सहा महिन्यांचा असतो: पहिले दोन महिने चार औषधे, पुढे चार महिने तीन. आवणीच्या वेळी सुरू झालेल्या गोळ्या भात कापून, झोडून घरात आले तरी संपलेल्या नसतात. एवढ्या काळात शरीराबरोबर मनही थकते. मजुरी बुडते, लोक अंतर राखतात आणि वयस्कर माणसाला आपण घराला भार झालो, असे वाटू लागते.

हे केवळ दुःख नव्हे. अनेक देशांतील अभ्यासांत असे आढळले आहे, की नैराश्य असलेल्या क्षयरुग्णांत उपचार अर्धवट सुटण्याचे आणि मृत्यूचे प्रमाण अधिक असते. ज्याला उद्याची आशा वाटत नाही, तो आजची गोळी कशासाठी घेईल? शिवाय भूक मंदावणे, झोप उडणे, वजन घटणे, थकवा येणे ही लक्षणे दोन्ही आजारांत सारखीच. घरचे ती क्षयावर किंवा वयावर ढकलतात आणि नैराश्य झाकलेलेच राहते.

या दोन आजारांची गाठ औषधांच्या इतिहासातही पडली आहे. १९५२ साली न्यूयॉर्कच्या सी व्ह्यू रुग्णालयात इप्रोनियाझिड हे नवे औषध घेणारे क्षयरुग्ण उत्साही झालेले दिसले. त्यातूनच नैराश्यावरील पहिल्या औषधांपैकी एक पुढे आले. यकृताला होणाऱ्या अपायामुळे ते नंतर मागे पडले. १९५६ साली मद्रासमध्ये सुरू झालेल्या संशोधनाने दाखवून दिले, की घरी राहून घेतलेला उपचारही आरोग्यधामातील उपचाराइतकाच गुणकारी ठरतो. तेव्हापासून रुग्णाची शुश्रूषा घराकडे आली, म्हणजेच आपल्याकडे.

म्हणून गोळी दिलीत, की तिथेच थांबू नका. दर पंधरा दिवसांनी शांतपणे दोन गोष्टी विचारा: मन उदास, निराश राहते का? पूर्वी आवडणाऱ्या गोष्टींत रस उरला नाही का? बहुतेक दिवस उत्तर ‘हो’ असेल, तर डॉक्टरांना सांगा. मात्र नैराश्याची गोळी स्वतःच्या मनाने सुरू करू नका. रिफॅम्पिसिनमुळे अशा काही औषधांचा परिणाम घटतो, तर आयसोनियाझिड, लिनेझोलिड यांच्याबरोबर काही औषधे घेताना विशेष सावधगिरी लागते. औषधप्रतिरोधी क्षयरोगासाठी दिले जाणारे सायक्लोसेरिन स्वतःच मन ढासळवू शकते. अशा वेळी गोळ्या बंद न करता त्वरित डॉक्टरांकडे जावे.

ताट-वाटी वेगळी ठेवण्याची गरज नाही; क्षयरोग भांड्यांतून नव्हे, खोकल्यावाटे हवेतून पसरतो. खोलीत वारा खेळू द्या, खोकताना तोंडावर रुमाल असू द्या आणि शेजारी बसून चार शब्द बोला. उपचार चालू असेपर्यंत निक्षय पोषण योजनेतून दरमहा १००० रुपये बँक खात्यात मिळतात; त्यासाठी आशाताईंना विचारा. जगण्याचा कंटाळा आल्याची भाषा ऐकू आली, तर रुग्णाला एकटे सोडू नका. टेली-मानसच्या १४४१६ या क्रमांकावर कोणत्याही वेळी मोफत सल्ला मिळतो.

शुश्रूषा करणाऱ्यांनो, आपलीही झोप आणि जेवण सांभाळा. पाळी वाटून घ्या. पुढच्या वेळी घोटीच्या थांब्यावर औषधांची पिशवी घेतलेले एखादे आजोबा दिसले, तर त्यांच्याजवळ जागा करून बसा. त्यांना दवाखान्यापर्यंत पुन्हा पुन्हा यावेसे वाटणे, हाही उपचाराचाच भाग आहे.