मुत्लाच्या कड्यावर एक दिवस

मंडळी, कुवेतमध्ये डोंगर चढून आलो असे सांगितले की ऐकणारा आधी आपल्याकडे नीट निरखून बघतो, उन्हाने काही झाले नाही ना म्हणून. त्याचेही चूक नाही. सालमियाला राहा, अब्बासियाला राहा नाहीतर मंगाफला, इथे चढायचे म्हणजे जिना, आणि तोही लिफ्ट बंद पडली तरच. पण जहराच्या पुढे, इराकच्या हद्दीकडे जाणाऱ्या ८० नंबरच्या रस्त्यावर जमीन अचानक उठून उभी राहते. तोच मुत्लाचा कडा. (हे नाव मराठी कानाला जरा अवघड आहे, याची आम्हाला कल्पना आहे. आमची मुले गाडीत अर्धा तास हसत होती. तुमच्याही घरी हसून होऊ द्या, मग पुढे वाचा.)

उंची सुमारे १४० मीटर. सिंहगड समुद्रसपाटीपासून १३०० मीटर, तेव्हा पुणेकर मंडळींनी हे वाक्य सोडून दिले तरी चालेल.

आम्हाला जावेसे वाटले त्याचे कारण मात्र उंची नव्हते. मुलांना शिवाजी महाराजांच्या गोष्टी वाचून दाखवण्याचा आमचा शिरस्ता आहे. एका रात्री पावनखिंडीपर्यंत आलो आणि धाकट्याने विचारले, "खिंड म्हणजे काय?" आम्ही दोन्ही हात उभे धरून मधली फट दाखवली. "म्हणजे लिफ्टचं दार?" मोठीला घाट म्हणजे नदीच्या पायऱ्या एवढेच ठाऊक होते. कडा, घळ, पठार, उतार हे शब्द दोघांनीही ऐकलेले, पण त्यांच्यामागे दिसायला काहीच नाही. मुलांचे मराठी चांगले आहे असे आम्ही चारचौघांत सांगत होतो. ते चांगलेच आहे, पण सपाट आहे. आई त्या वेळी भोरहून दोन महिन्यांसाठी आल्या होत्या. त्या म्हणाल्या, "अरे, एकदा डोंगर दाखव पोरांना. पुस्तकात कुठवर शोधतील?" म्हणून २५ आणि २६ फेब्रुवारीच्या राष्ट्रीय सुट्यांतला एक दिवस धरला.

हेच दिवस योग्य. इथल्या वसंताला अरबीत रबीअ म्हणतात आणि तो अंगाला लागेपर्यंत संपतो. वर्षाचा पाऊस जेमतेम ११०-१२० मिलिमीटर. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजारांच्या वर पडतो. पण तेवढ्यावरही वाळूला हिरवी लव येते. नुवैरची पिवळी फुले रस्त्याच्या कडेला दिसू लागतात आणि पुढे अरफज फुलतो, तोच या देशाचे राष्ट्रीय फूल. आपल्याकडे पळस फुलतो तेच हे दिवस. कुवेती कुटुंबेही अशा वेळी वाळवंटात सहलीला निघतात, त्याला ते कश्ता म्हणतात. आम्ही आमच्या कश्त्याला दशम्या, शेंगदाण्याची चटणी, कांदा आणि चहाचा थर्मास घेतला.

आता एक गंभीर गोष्ट, आणि ती आम्ही मुद्दाम सविस्तर सांगतो. आमच्या मोठीला डोंगरातली वाट म्हणजे माथेरानची वाट. लाल माती, दोन्ही बाजूंना झाडी, गाड्यांना बंदी, आणि जागोजागी पॉइंटच्या पाट्या. तिथे मूल पुढे पळाले तरी आपण निवांत असतो. मुत्लाला अशी आखलेली वाट आम्हाला दिसली नाही. जीपगाड्यांच्या चाकोऱ्या आहेत, तीच वाट. आणि १९९०-९१ च्या युद्धात या वाळवंटात लाखो सुरुंग पेरले गेले होते. त्यांतले बहुतेक काढले गेले, तरी वाळू सरकली किंवा पावसाचा लोंढा आला की जुने काहीतरी उघडे पडू शकते. म्हणून गाडीतून उतरण्याआधीच मुलांकडून तीन गोष्टी वदवून घेतल्या. चाकोरी सोडायची नाही. लोखंडाचा, प्लॅस्टिकचा कुठलाही तुकडा उचलायचा नाही, पायानेही ढकलायचा नाही. आणि काही दिसले तर जागीच थांबून हाक मारायची. मोठ्यांनी मग ११२ ला कळवायचे. "मळलेली वाट सोडून जा, तरच मोठे व्हाल," असे आपले लोक भाषणात सांगतात. त्यांना एकदा मुत्लाला आणायला हवे.

चढ छोटा पण खरा आहे. गाडी पायथ्याच्या कठीण जमिनीवर ठेवली आणि एका सोंडेवरून वर निघालो. "सोंड" म्हटल्यावर धाकटा हत्ती शोधू लागला. आईंनी त्याला मागे वळून बघायला लावले. वरून खाली उतरलेली ती लांबट धार, टोकाला बारीक झालेली. "मग डोकं कुठंय?" त्याने विचारले आणि डोके गाठायला स्वतःच पुढे झाला. चाकोरीतून, हे सांगायला हवे. दोन सोंडांच्या मध्ये पावसाने कापलेली खोल चर होती, ती घळ. खडक वाळूचा, हातात घेऊन चोळला तर भुगा होतो. आपला सह्याद्री लाव्हाचा, काळा, शेकडो वर्षे पायऱ्या कोरल्या तरी न हलणारा. इथे गड बांधायचा म्हटला तर कठीणच, असे मोठीचे मत पडले. वाटेत एक सांडा उन्हात पसरलेला दिसला. अरबीत त्याला धब म्हणतात. आमची चाहूल लागताच तो बिळात गेला, काटेरी शेपूट तेवढी क्षणभर बाहेर.

पाऊण तासात वर पोचलो. आई दगडावर बसल्या, श्वास घेतला आणि दक्षिणेकडे बघत राहिल्या. खाली सपाट पांढुरकी खारवट जमीन, तिच्यापलीकडे कुवेतचा उपसागर, आणि पार पलीकडे धुरकट शहर. मग त्यांनी मागे बघितले. उत्तरेकडे जमीन उतरतच नव्हती म्हणायला हरकत नाही. गोट्यांचे माळरान हळूहळू, कळेल न कळेल असे सखल होत दूर गेले होते.

"अगं, हे तर आपलंच," त्या सुनेला म्हणाल्या. "खाली कोकण, मागे देश."

आणि खरेच की! एका अंगाला तुटलेला कडा, त्याच्या पायाशी खाजण आणि समुद्र. दुसऱ्या अंगाला हलक्या उताराचे पठार. सह्याद्रीची ठेवण हीच, फक्त तो पश्चिमेकडे तुटतो आणि हा दक्षिणेकडे, आणि उंची दहावा हिस्सासुद्धा नाही. आम्ही इतकी वर्षे इथे राहतो, पण हे आमच्या डोळ्यांना दिसले नव्हते. भोरजवळून वरंध घाटाने कोकणात उतरलेल्या बाईंना ते पाच मिनिटांत दिसले. भूगोलाचा तो धडा मुलांना आता आम्ही पुन्हा शिकवणार नाही.

मग खिंड. ८० नंबरचा रस्ता कड्यातून जिथे पार होतो ती जागा वरून दिसते. तिथेच फेब्रुवारी १९९१ च्या अखेरीस माघार घेणाऱ्या इराकी फौजेच्या गाड्या अडकल्या आणि विमानांनी त्यांच्यावर बाँब टाकले. पुढचे तोंड बंद झाले, मागून गाड्या येतच राहिल्या. शेकडो वाहने तिथे जळाली, माणसेही. आपल्यातल्या जुन्या मंडळींपैकी काहींनी तो रस्ता तशा अवस्थेत पाहिला आहे. मोठीने बराच वेळ रस्त्याकडे बघून विचारले, "म्हणजे खिंडीत अडवलं की कुणालाच जाता येत नाही, चांगल्यालाही आणि वाइटालाही?" आम्ही हो म्हटले. पावनखिंडीत आपण कुणाच्या बाजूने आहोत हे तिला माहीत होते. इथे कुणाच्या बाजूने उभे राहायचे ते तिला ठरवता येईना, आणि खरे तर आम्हालाही ते नीट सांगता आले नाही. आईंनी दशम्यांचा डबा उघडला.

कड्याचा पूर्वेकडचा मोठा भाग २००४ पासून शेख सबाह अल-अहमद यांच्या नावाच्या राखीव क्षेत्रात आहे. त्याला कुंपण आहे, परवानगीशिवाय आत शिरू नये. कुंपणाबाहेर दोन बाजूंना नुसते दगड मांडून, जमीन तपासून, मैलभराची जरी वाट आखून दिली तरी किती कुटुंबे येतील! शहरात शहीद पार्कमध्ये चालायला उत्तम वाटा आहेत, पण तिथे घळ नाही.

परतताना रिंगरोडच्या उड्डाणपुलावर गाडी चढू लागली तेव्हा मागच्या सीटवरून "घाट!" अशी आरोळी आली, आणि उतरताना "आलं कोकण!" आईंनी त्याला दुरुस्त केले नाही.

कुणाला जायचे असेल तर मार्चच्या मध्याच्या आत जा, नंतर ऊन चढते. माणशी दोन लिटर पाणी, टोप्या, बंद बूट. वाऱ्याचा अंदाज आदल्या रात्री बघा. धुळीचे वादळ असेल तर बेत सरळ रद्द करा. दोन गाड्या असाव्यात, एक वाळूत रुतली तर दुसरी हवी. कचरा परत आणायची पिशवी विसरू नका, तिथे आधीच पुष्कळ पडलेला आहे. आणि घरी कुणाची आजी आलेली असेल, तर तिला पुढच्या सीटवर बसवा.