मडक्यावरचा त्रिकोण

माझ्या खोलीत पुस्तकांच्या कपाटावर मातीचे एक मडके पालथे घालून ठेवलेले आहे. त्यात कधी पाणी भरले गेले नाही, की धान्य साठवले गेले नाही. त्याच्या पाठीवर खडूने ओढलेल्या तीन रेघा आहेत. त्या पुसट झाल्या, की मी त्या पुन्हा गिरवतो. घरी येणारे पाहुणे कुतूहलाने विचारतात, "गुरुजी, हे काय?" मी म्हणतो, "हा माझा गुरू." पाहुण्यांना ती थट्टा वाटते. मुलांनो, तुम्हांला मात्र त्यामागची खरी हकिगत सांगतो.

ही गोष्ट १९८६ सालची. मी तेव्हा एका खेडेगावच्या शाळेत मराठी शिकवीत होतो. एम. ए. ची पदवी नवी होती आणि तिचा थोडासा ताठाही अंगी होता. त्या वर्षी आमचे गणिताचे शिक्षक आजारपणामुळे दीड महिना रजेवर गेले आणि सातवीचा भूमितीचा तास माझ्याकडे आला. मी रात्री पुस्तक वाचून तयारी करी आणि सकाळी वर्गावर जाई.

त्रिकोणाच्या तीन कोनांची बेरीज १८० अंश असते, हा पाठ मी मोठ्या हौसेने शिकवला. प्रत्येक मुलाला कागदाचा एक त्रिकोण कापायला लावला. त्याचे तिन्ही कोपरे फाडून एकाशेजारी एक ठेवायला सांगितले. कोणाचा त्रिकोण लांबट होता, कोणाचा बसका होता. पण सर्वांच्या बाकांवर कोपऱ्यांची मिळून एकच सरळ रेघ झाली. मी विजयी मुद्रेने म्हणालो, "त्रिकोण लहान असो वा मोठा, कोठेही काढा, बेरीज १८० अंशच!"

दुसऱ्या दिवशी तास सुरू होताच मागच्या बाकावरचा एक मुलगा उभा राहिला. तो कुंभारवाड्यातला होता. एरवी तो फारसा बोलत नसे. त्याच्या हातात एक गोल मडके होते. त्याने ते माझ्या टेबलावर पालथे घातले. मडक्याच्या पोटाभोवती त्याने एक आडवी रेघ काढली होती आणि वरच्या टोकापासून त्या रेघेपर्यंत दोन उभ्या रेघा ओढल्या होत्या. खिशातून त्याने एक पोस्टकार्ड काढले, त्याचा कोपरा एकेका कोनात बसवून दाखवला आणि हळूच म्हणाला, "गुरुजी, तिन्ही काटकोन येतात. बेरीज २७० झाली."

मी पाहिले. कोपरा तिन्ही ठिकाणी नीट बसत होता. उत्तर मला येत नव्हते, आणि येत नाही असे म्हणण्याचे धैर्यही नव्हते. मी म्हणालो, "अरे, भूमिती कागदावर करायची असते, मडक्यावर नव्हे! जा, ते चुलीपाशी ठेवून ये." वर्ग खो खो हसला. त्या मुलाने मडके उचलले, पोटाशी धरले आणि तो खाली मान घालून जागेवर जाऊन बसला. त्यानंतर त्याने माझ्या तासाला कधीही हात वर केला नाही.

काही दिवसांनी गणिताचे शिक्षक कामावर रुजू झाले. शिक्षकांच्या खोलीत चहा घेताना मी त्यांना ही गोष्ट गंमत म्हणून सांगितली. ते हसले नाहीत. कपबशी बाजूला ठेवून ते उठले आणि कपाटावरचा धूळ खात पडलेला पृथ्वीगोल खाली घेऊन आले.

"अहो," ते म्हणाले, "सरळ रेघ म्हणजे काय, ते आधी सांगा. दोन बिंदूंमधला सर्वांत जवळचा मार्ग, होय ना? मग गोलावर दोन ठिकाणी दोरा ताणून धरा. तो ज्या वाटेने बसेल, ती गोलावरची सरळ रेघ. ती पुढे वाढवत नेली, तर गोलाला पूर्ण वेढा घालून त्याचे दोन समान भाग करते. त्या वेढ्याला बृहद्‌वृत्त म्हणतात. विषुववृत्त हे एक बृहद्‌वृत्त आहे. प्रत्येक रेखावृत्त म्हणजे अर्धे बृहद्‌वृत्त होय."

मग त्यांचे बोट गोलावर फिरू लागले. "शून्य अंशाचे रेखावृत्त आणि ९० अंश पूर्व रेखावृत्त घ्या. दोन्ही विषुववृत्ताला काटकोनात छेदतात. सपाट कागदावर एकाच रेघेवर काटकोनात उभ्या केलेल्या दोन रेघा कितीही वाढवल्या, तरी एकमेकींना भेटत नाहीत. येथे मात्र त्या उत्तर ध्रुवावर भेटतात, आणि भेटताना त्यांच्यात ९० अंशांचा कोन असतो. झाले तीन काटकोन! या त्रिकोणाची प्रत्येक बाजू सुमारे १०,००० किलोमीटर आहे आणि त्याने पृथ्वीच्या पृष्ठाचा आठवा भाग व्यापला आहे. त्या पोराने मडक्यावर हाच त्रिकोण काढला होता."

मी ओशाळून विचारले, "मग पुस्तकातला नियम खोटा का?"

"मुळीच नाही. तो सपाट पृष्ठावरचा नियम आहे, आणि तेथे तो पूर्ण खरा आहे. गोलावर कोनांची बेरीज नेहमी १८० अंशांहून अधिक भरते. त्रिकोण मोठा, तितकी वाढ मोठी. त्रिकोण लहान होत गेला, की ती वाढही घटत जाते. पृथ्वीवर सुमारे २०० चौरस किलोमीटरच्या त्रिकोणात ती जेमतेम एक सेकंद असते, म्हणजे एका अंशाचा ३,६०० वा भाग. मग आपल्या शाळेच्या मैदानावर ती कोणाला दिसणार?"

पुढे मी या विषयावर मिळेल ते वाचू लागलो, तेव्हा कळले की ही एवढीशी वाढही थोरांनी दुर्लक्षिली नव्हती. १८०२ साली मद्रासजवळ विल्यम लॅम्टन यांनी भारताच्या त्रिकोणी मोजणीचे काम आरंभले. डोंगरमाथ्यांवरून मैलोगणती अंतरांवरच्या खुणा पाहून त्या मोजणीत मोठमोठे त्रिकोण साधले जात. त्यांचे हिशेब करताना पृथ्वीच्या गोलाईमुळे येणारी वाढ लक्षात घ्यावी लागे. आपले भास्कराचार्य तर त्याहून कितीतरी आधीचे. ११५० साली लिहिलेल्या 'सिद्धान्तशिरोमणी' या ग्रंथातील गोलाध्यायात त्यांनी सांगितले आहे, की परिघाचा शंभरावा भाग सपाट भासतो. पृथ्वी प्रचंड आणि माणूस अगदी लहान, म्हणून त्याला ती सपाट दिसते. गोलाध्याय हे नाव मी अनेकदा ऐकले होते. ते पान मात्र उघडले नव्हते.

तुम्ही स्वतःही याची प्रचीती घेऊ शकता. संत्र्याची साल काढून ती टेबलावर सपाट दाबून पाहा. ती कोठे ना कोठे फाटतेच. गोलाचे पृष्ठ ताणल्याशिवाय किंवा फाडल्याशिवाय सपाट होत नाही. म्हणूनच भिंतीवरचा कोणताही जगाचा नकाशा सर्वांगांनी खरा नसतो. मर्केटर यांनी १५६९ साली काढलेल्या पद्धतीच्या नकाशात ग्रीनलंड जवळजवळ आफ्रिकेएवढे दिसते. प्रत्यक्षात आफ्रिका खंड त्याच्या सुमारे चौदापट आहे.

जानेवारी २०२१ मध्ये एअर इंडियाचे एक विमान सॅन फ्रान्सिस्कोहून बंगळूरला आले. ते चालवणाऱ्या सर्व वैमानिक स्त्रिया होत्या. सपाट नकाशावर ही दोन शहरे पट्टीने जोडली, तर रेघ अटलांटिक महासागर आणि आफ्रिका खंड ओलांडून जाते. त्या वैमानिक मात्र विमान उत्तर ध्रुवावरून घेऊन आल्या. पृथ्वीगोलावर दोरा ताणून पाहा, म्हणजे त्यांनी ती वाट का निवडली, ते तुम्हांला कळेल.

आता राहिली त्या मुलाची गोष्ट. ज्या दिवशी गणिताच्या शिक्षकांनी मला पृथ्वीगोल दाखवला, त्याच संध्याकाळी मी ठरवले होते, की उद्या वर्गासमोर सांगायचे, "तुझे बरोबर होते, मी चुकलो." पण उद्याचा परवा झाला. वर्गात गेलो, की जीभ अडखळे. मग परीक्षा आल्या, उन्हाळ्याची सुट्टी लागली. मी मनाशी म्हटले, जूनमध्ये पहिल्याच दिवशी सांगू. जून उजाडला. हजेरीपटावर त्या मुलाचे नाव नव्हते. कुंभारवाड्यात गेलो, तो त्यांच्या घराला कुलूप होते. शेजारी म्हणाले, "सगळी माणसे पोट भरायला दुसरीकडे गेली." कोठे, ते कोणालाच नीट ठाऊक नव्हते.

परतताना मी आठवड्याच्या बाजारातून एक मडके विकत घेतले. त्या वर्षापासून निवृत्त होईपर्यंत दरवर्षी, मुख्याध्यापक झाल्यावरसुद्धा, मी ते मडके घेऊन सातवीच्या वर्गावर जात असे. पोस्टकार्डाचा कोपरा तिन्ही कोनांत बसवून दाखवी आणि मग माझी चूक सांगे. मुले प्रथम हसत, पुढे गप्प होत. एकदा एका मुलीने विचारले, "गुरुजी, तो मुलगा आता भेटला तर?" मी म्हणालो, "मी उभा राहीन आणि त्याला बसायला सांगेन."

मुलांनो, नियम अवश्य पाठ करा. पण तो कोणत्या भूमीवरचा आहे, हेही विचारीत जा. आणि तुमच्यापैकी कोणी उद्या शिक्षक झाला आणि एखादे मूल हातात मडके घेऊन तुमच्यापुढे उभे राहिले, तर त्याला हसू नका. आधी त्या मडक्याकडे नीट पाहा.