'आणि' म्हणजे जवळ

उभयान्वयी अव्यये शिकवू लागलो की वर्गाला जांभया येतात. मलाही येत, पण परवा प्राचीन आयरिशचे व्याकरण चाळताना झोप उडाली. अगदी जुन्या आयरिशमध्ये 'आणि'साठी शब्दाला 'ख्' चिकटवीत. तो आपल्या संस्कृत 'च'चा सख्खा भाऊ! ८ व्या शतकात ख्रिस्ती भिक्षूंनी लॅटिन पोथ्यांच्या ओळींमध्ये आयरिश टिपा लिहिल्या, तोवर त्याची जागा 'ओगुस'ने घेतली होती. हा मुळात 'जवळ' या अर्थाचा शब्द. दोन गोष्टी शेजारी आल्या, की जोडल्या गेल्या!

धाकट्या भावाचे दार माझ्या दारापासून चार पावलांवर आहे. पण वाटणी झाल्यापासून आमच्यात 'आणि' नाही, 'परंतु' आहे. यंदा फराळाचे ताट मीच नेणार. व्याकरणाचा एवढा उपयोग पुरे.