बँकेला आमचा पगार चालला, इमारत चालली नाही

मंडळी, लंडनमध्ये घर शोधणाऱ्या आपल्या लोकांकडून एक प्रश्न हल्ली सारखा येतो. "टॉवरमधला कौन्सिलचा जुना फ्लॅट स्वस्तात मिळतोय, घ्यावा का?" आम्ही नुकतेच याच वाटेने गेलो, म्हणून एकदाच सविस्तर लिहितो. पोस्ट लांब आहे, पण पैशांचा मामला आहे, वाचा.

हे फ्लॅट बाजारात आले कसे? १९८० च्या हाउसिंग अ‍ॅक्टने थॅचर सरकारने कौन्सिलच्या भाडेकरूंना राहतं घर सवलतीत विकत घ्यायचा हक्क दिला. एकट्या इंग्लंडमध्ये अशी सुमारे २० लाख घरं विकली गेली. त्यातले बरेच फ्लॅट आज पुन्हा विक्रीला येतात. खोल्या ऐसपैस, स्टेशन जवळ, आणि भाव शेजारच्या नव्या टॉवरपेक्षा कितीतरी कमी. फक्त एक लक्षात ठेवा, हे लीजहोल्ड असतं. फ्लॅट तुमचा, इमारत कौन्सिलचीच.

आम्ही पाहिलेला फ्लॅट पूर्व लंडनमधला, साठच्या दशकातल्या टॉवरमध्ये, अकराव्या मजल्यावर. विकणारे मूळचे सिल्हेटचे एक चाचा. ऐंशीच्या दशकात त्यांनी तो कौन्सिलकडूनच घेतला होता. आता गुडघे गेलेत, लिफ्ट अधूनमधून बंद, त्यामुळे त्यांना मुलीजवळ राहायला जायचं होतं. बँकेने आमचे पगार पाहून तत्त्वतः मंजुरी दिली. मग व्हॅल्युअर आला, वीस मिनिटं फिरला, आणि अहवालात किंमत लिहिली – शून्य पौंड.

शून्य म्हणजे फ्लॅट फुकट असं नव्हे. बँकेच्या भाषेत त्याचा अर्थ, आवश्यक कागद येईपर्यंत आम्ही हे तारण धरणार नाही. का धरणार नाही, याची तीन मोठी कारणं.

एक, बांधणी. साठच्या दशकात अनेक टॉवर कारखान्यात ओतलेल्या काँक्रीटच्या मोठ्या पॅनेलांनी, पत्त्यांसारखे एकावर एक रचून बांधले. १६ मे १९६८ ला कॅनिंग टाउनमधल्या रोनन पॉइंट या २२ मजली टॉवरमध्ये गॅसचा स्फोट झाला आणि इमारतीचा एक कोपराच वरपासून खालपर्यंत कोसळला. चार माणसं गेली. तेव्हापासून या पद्धतीच्या इमारतींना अनेक बँका हातच लावत नाहीत, काही मजबुतीकरणाचा पुरावा मागतात.

दोन, आग. १४ जून २०१७ च्या ग्रेनफेल टॉवरच्या आगीत ७२ जीव गेले. आग बाहेरच्या क्लॅडिंगवरून पसरली होती. त्यानंतर २०१९ च्या अखेरीस ईडब्ल्यूएस-१ हा फॉर्म आला. बाहेरच्या भिंतीत पेट घेणारं काही आहे का, ते तज्ज्ञ त्यात लिहून देतो. गरज असेल तिथे हा फॉर्म नसला की कर्ज अडतं. तो मिळवायची जबाबदारी इमारतीच्या मालकाची, म्हणजे इथे कौन्सिलची. तुम्ही फक्त ईमेल करत बसायचं.

तीन, खर्च. छत, लिफ्ट, खिडक्या बदलायचं कौन्सिलने ठरवलं की फ्लॅटमालकांना सेक्शन २० ची नोटीस येते आणि प्रत्येकाच्या वाट्याला बिल. हे बिल हजारो पौंडांचं असू शकतं. त्यात जुनी लीज ८० वर्षांच्या खाली घसरली असेल तर ती वाढवणंही महागात जातं.

आमचं काम शेवटी झालं. अशा इमारतींना कर्ज देणारी दुसरी बँक ब्रोकरने शोधली, कौन्सिलचं बांधकामाचं पत्र चार महिन्यांनी आलं, डिपॉझिट २५ टक्के भरावं लागलं. पण त्या चार महिन्यांत चाचा अकराव्या मजल्यावर अडकून होते. ते एकदा म्हणाले, "सरकारने ही मला बेचा, अब सरकार के कागज के बिना मैं बेच नहीं सकता." माझ्याकडे उत्तर नव्हतं.

खरा मुद्दा इथेच आहे. बँकेला दोष देऊन भागणार नाही, तिला धोका दिसतो, ती मागे सरते. पण ज्या सरकारी यंत्रणेने इमारत बांधली, जिने ती विकली आणि जिच्याकडे आजही तिची मालकी आहे, तिने माहिती एकेका गिऱ्हाइकाला महिनोन् महिने थांबवून का द्यावी? २०२२ च्या बिल्डिंग सेफ्टी अ‍ॅक्टनुसार किमान १८ मीटर उंच किंवा किमान ७ मजली निवासी इमारतींची नोंदणी सक्तीची झाली आहे. मग त्याच धर्तीवर कौन्सिलने प्रत्येक टॉवरचं एक पान खुलं करावं. बांधणी कोणती, आगीचं प्रमाणपत्र कधीचं, पुढच्या पाच वर्षांत कुठली कामं. विकत घेणाऱ्यालाच नव्हे, तिथे भाड्याने राहणाऱ्यालाही आपण कशाच्या आत झोपतो हे कळायला हवं.

आपल्या वॉर्डाच्या कौन्सिलरला हे विचारा, मी विचारलं आहे. आणि फ्लॅट बघत असाल तर व्हॅल्युएशनची फी भरण्याआधी चार गोष्टी मागून घ्या – बांधणीची पद्धत, आगीचा फॉर्म, लीजची उरलेली वर्षं, येऊ घातलेल्या कामांची यादी. मुंबईत आपण आधी टायटल क्लिअर आहे का ते बघतो. इथे टायटल बहुतेक वेळा क्लिअरच असतं, आधी भिंत बघा.

कोणाला याच अडचणीतून जावं लागलं असेल तर खाली लिहा, बाकीच्यांना उपयोग होईल.